बायपासची घाई न करणारा विभाग: ठाण्यातील एका हृदयरुग्णालयाविषयी

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीवर घोडबंदर रस्त्यालगतच्या एका खासगी रुग्णालयात हृदयविकाराचे उपचार झाले. आधी काही दिवस केवळ औषधे आणि देखरेख, आणि त्यानंतर एका रात्री तातडीची बायपास शस्त्रक्रिया. तिला झालेल्या आजाराचे नाव ‘स्पॉन्टेनियस कॉरोनरी आर्टरी डिसेक्शन’ असे लांबलचक आहे; डॉक्टर त्याला ‘स्कॅड’ म्हणतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीची भिंत बाहेरून कोणताही मार न बसता आतल्या आत दुभंगते, असा हा आजार आहे. रुग्णालयाविषयी चांगल्याबरोबर तक्रारीच्या गोष्टीही लिहायच्या असल्याने त्याचे आणि डॉक्टरांचे नाव देत नाही. परंतु अशा आजारात विभाग कसा पारखावा, काय विचारावे आणि कशाची अपेक्षा ठेवावी, हे वाचणाऱ्याला कळावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगते. वैद्यकीय निर्णय आणि शस्त्रक्रिया यांबाबत हा विभाग उत्तम आहे, अतिदक्षता विभागातील परिचारिकांची शुश्रूषा त्याहूनही चांगली आहे, कागदपत्रांचा आणि बिलाचा कारभार मात्र सुमार आहे, आणि रुग्ण घरी गेल्यानंतरची व्यवस्था अपुरी आहे. या विभागाचे मोठेपण मला त्यांनी केलेल्या शस्त्रक्रियेत जितके दिसले, तितकेच तिच्या आधी जे करण्याचे त्यांनी जाणीवपूर्वक टाळले त्यात दिसले.

माझी बहीण त्रेचाळीस वर्षांची आहे, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत हिशेबाचे काम पाहते. तिला मधुमेह नाही, वजन बेताचे आहे, कोलेस्टेरॉल कधी वाढलेले नव्हते. ऑडिटच्या धावपळीत असताना छातीत दाब, जबड्यात कळ आणि डाव्या हाताला जडपणा असा त्रास सुरू झाला, तेव्हा घराजवळच्या एका छोट्या रुग्णालयात तिचा एकच ईसीजी काढला गेला, तो ‘नॉर्मल’ ठरवला गेला आणि ॲसिडिटीचे इंजेक्शन देऊन तिला घरी पाठवण्यात आले. ‘या वयात बायकांना टेन्शनने असे होते’, हे वाक्य तिथल्या डॉक्टरांनी तिच्या यजमानांना ऐकवले. पहिला ईसीजी सरळ आला म्हणजे हृदय निर्दोष ठरत नाही. काही तासांच्या अंतराने तो पुन्हा काढावा लागतो आणि हृदयस्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिनही पुन्हा तपासावे लागते, ही हृदयविकारातील अगदी प्राथमिक खबरदारी आहे. तरुण दिसणाऱ्या, सडपातळ बाईच्या बाबतीत ती घेतली जात नाही, आणि याचा मला आजही संताप येतो. कारण स्कॅड होणाऱ्या दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना येणाऱ्या हृदयविकाराच्या झटक्यांपैकी पस्तीस टक्क्यांपर्यंत झटके याच आजाराने येत असल्याचे अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१८ च्या निवेदनात नमूद आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर येणाऱ्या झटक्यांचे तर हे सर्वांत मोठे कारण मानले जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळ पुन्हा आली आणि तिला मी ज्याविषयी लिहीत आहे त्या रुग्णालयात नेले. अपघात विभागात वेळ फुकट गेला नाही. ईसीजी, रक्ततपासणी, टूडी इको हे सगळे एकापाठोपाठ झाले, आणि ट्रोपोनिन वाढलेले दिसताच तिला धमन्यांची तपासणी करतात त्या कॅथ लॅबमध्ये घेण्यात आले. ॲन्जिओग्राफी झाल्यावर तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी तिच्या यजमानांना आणि मला आत बोलावून पडद्यावर चित्रफीत दाखवली. डाव्या धमनीची हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी शाखा सुरुवातीला चांगली रुंद दिसत होती, आणि मग एका ठिकाणापासून पुढे बराच लांबपर्यंत ती एकदम बारीक, पण गुळगुळीत झालेली होती. “हा चरबीचा अडथळा नाही,” ते म्हणाले. “चरबी असती तर कडा खडबडीत दिसल्या असत्या, आणि बाकीच्या धमन्यांतही थोडीफार दिसली असती. इथे भिंतीच्या दोन थरांमध्ये रक्त साठले आहे आणि ते आतल्या वाटेवर दाब देत आहे.”

आजाराची यंत्रणा त्यांनी तिथेच, ईसीजीच्या कागदाच्या मागच्या बाजूला पेनाने काढून समजावली. धमनीची भिंत तीन थरांची असते. कधी सर्वांत आतल्या थराला चीर पडते आणि वाहते रक्त त्यातून भिंतीत शिरते. कधी चीर पडतच नाही, भिंतीला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांपैकी एखादी फुटून आतच रक्ताची गाठ तयार होते. परिणाम एकच, की रक्ताची खरी वाट आवळली जाते आणि पुढच्या हृदयस्नायूला रक्त मिळत नाही. मग आम्ही साहजिक तोच प्रश्न विचारला जो कोणताही नातेवाईक विचारील: स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, कधी टाकणार? त्यावर त्यांनी जे उत्तर दिले त्यासाठी मी या विभागाला पूर्ण गुण देते. कोटाचे अस्तर सुटले असेल तर बाहीत घातलेला हात अस्तर आणि कापड यांच्यामध्येच अडकतो. तशी दुभंगलेल्या धमनीत स्टेंटची तार खऱ्या वाटेऐवजी खोट्या वाटेत शिरू शकते, असे त्यांनी सांगितले. शिवाय स्टेंट फुगवला की भिंतीत साठलेले रक्त पुढे-मागे ढकलले जाते आणि फाट आणखी लांबते. बहिणीच्या धमनीतून पुढे रक्त जात होते, दुखणे थांबले होते, रक्तदाब स्थिर होता. अशा वेळी हात न लावता थांबणे, हाच सध्याचा मान्य उपचार आहे, कारण बहुतेक रुग्णांत ही भिंत काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत स्वतःहून सांधते.

‘थांबणे’ हे ऐकायला सोपे वाटते, परंतु आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसांना ते पटवणे फार अवघड असते. नातेवाइकांचे फोन सुरू होतात, “अजून काही केलेच नाही? मुंबईला हलवा,” असा सल्ला प्रत्येक जण देतो. या विभागाने ते थांबणे नुसते सोडून दिलेले ठेवले नाही. निदान पक्के होताच रक्त पातळ करणारे हेपारिन बंद करण्यात आले, कारण भिंतीतील रक्तस्राव त्याने वाढू शकतो. गाठ विरघळवणारे इंजेक्शन तर याच कारणासाठी मुळात दिलेच नव्हते. ॲस्पिरिन आणि हृदयाची गती व रक्तदाब आटोक्यात ठेवणारे बीटा ब्लॉकर सुरू झाले. पहिल्या काही दिवसांत फाट पुढे सरकण्याचा धोका असतो, म्हणून ती चालू-बोलू लागली तरी तिला घरी सोडणार नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले गेले. त्याच वेळी हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांनाही चित्रफीत दाखवून ठेवण्यात आली होती. सर्जन स्वतः येऊन बहिणीशी बोलून गेले. तेव्हा शस्त्रक्रिया ठरलेली नव्हती, ती बहुधा लागणार नाही असेच ते म्हणाले. तरीही कोणत्या परिस्थितीत लागेल हे त्यांनी आधीच उलगडून सांगितले. डावीकडची मूळ धमनी, जिच्यातून पुढे दोन मोठ्या शाखा फुटतात, तिच्यापर्यंत फाट मागे पोहोचली, किंवा छातीत दुखणे औषधांना जुमानेनासे झाले, किंवा रक्तदाब कोसळू लागला, तर मग बायपासखेरीज सुरक्षित मार्ग उरत नाही.

दुर्दैवाने तेच झाले. तिला वॉर्डात हलवण्याची बोलणी चालू असताना एका रात्री कळ पुन्हा आली, मॉनिटरवरच्या रेषा बदलल्या आणि रक्तदाब उतरू लागला. रात्रपाळीच्या सिस्टरने डॉक्टरांच्या फोनची वाट न पाहता आधी ईसीजी काढला आणि मग फोन केला, हे मी काचेतून पाहिले. दुसऱ्यांदा ॲन्जिओग्राफी करतानाही धोका असतो, कारण अशा नाजूक धमन्यांना कॅथेटरच्या, म्हणजे तपासणीसाठी आत सरकवलेल्या बारीक नळीच्या, टोकानेही नवी इजा होऊ शकते. तो धोका सांगून आणि सही घेऊनच ती करण्यात आली. फाट मागे सरकून मूळ डाव्या धमनीत आली होती आणि दुसऱ्या शाखेचे तोंडही आवळले गेले होते. हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन पडद्यासमोर उभे राहून बोलले, आणि थोड्याच वेळात सर्जन आमच्याकडे आले. आता थांबण्यात अर्थ नाही, स्टेंटने हे साधण्याची शक्यता कमी आणि बिघडण्याची अधिक आहे, दोन ग्राफ्ट, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्त नेणाऱ्या दोन नव्या वाटा, लावाव्या लागतील, असे त्यांनी सांगितले.

या ठिकाणी पहिली तक्रार नोंदवते. संमतिपत्र संपूर्ण इंग्रजीत, बारीक टायपात आणि अनेक पानांचे होते. मध्यरात्री, हातपाय गळालेल्या अवस्थेत, तिच्या यजमानांनी ते वाचून समजून सही करावी ही अपेक्षाच चुकीची आहे. एका तरुण निवासी डॉक्टरने समोर बसून प्रत्येक परिच्छेद मराठीत सांगितला, म्हणून निभावले. ती त्या मुलीची माणुसकी होती, व्यवस्था नव्हे. ठाण्यात रुग्णालय चालवणाऱ्यांना मराठी संमतिपत्र छापून ठेवणे मुळीच कठीण नाही. इतका चांगला विभाग असताना ही उणीव फार टोचते.

शस्त्रक्रिया पहाटेपर्यंत चालली. नंतर सर्जनांनी तिच्याविषयी जे सांगितले ते लिहून ठेवण्यासारखे आहे, कारण नेहमीच्या बायपासपेक्षा ही वेगळी असते. हृदय हार्ट-लंग मशीनवर घेऊन थांबवले गेले, तसे नेहमीच्या बायपासमध्येही अनेकदा करतात. परंतु चरबीच्या आजारात धमनीची भिंत जाड, टणक असते आणि टाका धरून ठेवते. स्कॅडमध्ये ती ओलसर, सुटलेली आणि ठिसूळ असते. धमनी उघडल्यावर खरी पोकळी कोणती आणि थरांमधली खोटी कोणती हे भिंगाच्या चष्म्यातून नीट पाहून ठरवावे लागते, कारण ग्राफ्ट खोट्या पोकळीला जोडला गेला तर सगळेच व्यर्थ. म्हणून शक्य तितके पुढे, जिथे भिंत अजून एकसंध आहे अशी जागा शोधून तिथे जोड द्यावा लागतो, आणि फाट फार दूरवर गेली असेल तर अशी जागा उरतच नाही. बहिणीच्या बाबतीत ती दोन्ही शाखांवर मिळाली.

दुसरी गोष्ट ग्राफ्टची. बायपासविषयी थोडेफार ऐकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की छातीच्या आतली धमनी ग्राफ्ट म्हणून वापरली तर ती वर्षानुवर्षे टिकते, पायाची शीर तितकी टिकत नाही. इथे सर्जनांनी दोन्ही ग्राफ्ट पायाच्या शिरेचे लावले आणि छातीची धमनी तशीच राखून ठेवली. का, हे त्यांनी आम्ही न विचारता सांगितले. स्कॅडमध्ये रुग्णाची स्वतःची दुभंगलेली धमनी बहुधा कालांतराने सांधते. ती सांधली की तिच्यातून पुन्हा भरपूर रक्त वाहू लागते, ग्राफ्टमधला प्रवाह मंदावतो आणि ग्राफ्ट बहुधा बंद होतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या १८९ रुग्णांच्या पाहणीत बायपास झालेले वीस जण होते. त्यांतील ज्यांची पुढे तपासणी झाली त्यांच्या सोळा ग्राफ्टपैकी अकरा बंद झालेले आढळले. म्हणजे इथे ग्राफ्टचे काम आयुष्यभराचे नसते. धमनी बरी होईपर्यंतचा काळ हृदयाला जगवणे, एवढे त्याचे काम असते. त्या कामासाठी छातीची मौल्यवान धमनी खर्ची घालायची नाही, कारण वीस-पंचवीस वर्षांनी तिला खरोखर गरज पडली तर ती हाताशी असली पाहिजे. त्रेचाळीस वर्षांच्या बाईच्या पुढच्या आयुष्याचा असा विचार पहाटेच्या आणीबाणीत कोणी करतो, याबद्दल त्या सर्जनांविषयी माझ्या मनात अपार आदर आहे. त्याच पाहणीत स्टेंटचे प्रयत्न निम्म्याहून अधिक वेळा अयशस्वी ठरल्याची नोंद आहे, त्यामुळे आधीचा संयमही किती योग्य होता हे लक्षात येते.

शस्त्रक्रियेनंतरच्या आयसीयूतील परिचारिकांविषयी कितीही लिहिले तरी कमीच आहे. छातीचे हाड मधोमध कापलेले असते. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकायचे, कुशीवर वळताना हातांवर जोर द्यायचा नाही, हे त्या पुन्हा पुन्हा, न कंटाळता सांगत. एक गोष्ट मात्र मी इतरत्र कुठे ऐकली नव्हती. स्त्रियांमध्ये स्तनांच्या वजनाने छातीच्या जखमेवर ताण येतो, ती खालच्या टोकाला ओढली जाते आणि भरायला वेळ लागतो; म्हणून पुढून बंद होणारी, मऊ आणि आधार देणारी ब्रा दिवसा-रात्री वापरायची, असे तिथल्या वयस्क सिस्टरने सांगितले आणि गोखले रोडवर तशी कुठे मिळेल तेही सांगितले. पुरुष रुग्णांना डोळ्यांसमोर ठेवून छापलेल्या त्यांच्याच माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही. पाळीच्या बाबतीतही तसेच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे बहिणीला खूप रक्तस्राव होऊ लागला, तेव्हा सिस्टरने स्वतःहून विषय काढला आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलावून घेतले. हार्मोनच्या गोळ्या या आजारात शक्यतो टाळायच्या असतात आणि पुन्हा गर्भधारणा धोक्याची असते, त्यामुळे हा सल्ला हृदयरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी मिळून द्यावा लागतो. तो इथे दिला गेला.

आता बाकीच्या कारभाराविषयी. कॅशलेस विमा असूनही रात्री डिपॉझिट भरल्याशिवाय बिलिंगच्या खिडकीवरचा माणूस फाइल पुढे सरकवायला तयार नव्हता. डॉक्टरांनी दूरध्वनी केल्यावरच ते मार्गी लागले. विम्याचे दावे हाताळणाऱ्या टीपीए डेस्कवर ‘पॅकेज’मध्ये काय येते आणि काय येत नाही हे प्रत्येक जण वेगळे सांगे, आणि आयसीयूतील वाढीव दिवसांचा खर्च शेवटच्या दिवशी एकदम समोर आला. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी सांगितलेली सुट्टी संध्याकाळी मिळाली. राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपासचा समावेश आहे, परंतु हे रुग्णालय त्या योजनेत नाही. ज्यांना योजनेचा आधार हवा त्यांनी दाखल होण्यापूर्वीच चौकशी करावी. उपाहारगृह ठीक, पार्किंग अपुरे, नातेवाइकांसाठीची बसण्याची जागा स्वच्छ.

सर्वांत गंभीर उणीव डिस्चार्ज कार्डात होती. निदान अचूक लिहिलेले होते, पण खालचा सल्ला सरसकट हृदयरुग्णांना देतात तोच छापलेला होता: तेल-तूप वर्ज्य, कोलेस्टेरॉल कमी करा, वजन घटवा, धूम्रपान सोडा. औषधांच्या यादीत सवयीने कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिनही आले होते. कोलेस्टेरॉल मुळातच बरोबर असलेल्या स्कॅडच्या रुग्णाला केवळ या आजारासाठी स्टॅटिन देण्याची गरज नसते. पहिल्या फेरतपासणीत हृदयरोगतज्ज्ञांनी ते स्वतःच काढून टाकले. परंतु तोपर्यंत माझी बहीण आपण काहीतरी चुकीचे खाल्ले म्हणून हे झाले, असे मनाशी धरून बसली होती. ज्या बाईने काहीही चूक केलेली नाही तिला एका छापील कागदाने अपराधी करून टाकले. विभागप्रमुखांना आम्ही हे पत्राने कळवले. त्यांनी स्कॅडसाठी वेगळे कार्ड तयार करण्याचे मान्य केले, ते तयार झाले की नाही ते पुढच्या रुग्णांनी जरूर पाहावे.

फेरतपासणीची बाजू मात्र पुन्हा चांगली आहे. स्कॅड झालेल्या अनेक स्त्रियांच्या शरीरातील इतर धमन्यांतही दोष असतो; ‘फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेशिया’ नावाच्या विकारात धमनी कुठे आवळलेली, कुठे फुगलेली अशी आलटून पालटून होत जाते. म्हणून डोक्यापासून ओटीपोटापर्यंतच्या धमन्यांचे सीटी स्कॅन एकदा करून घ्यायचे असते. ते इथे विसरले गेले नाही. बहिणीच्या उजव्या मूत्रपिंडाच्या धमनीत हा दोष सापडला, मेंदूच्या धमन्या निर्दोष निघाल्या, आणि रक्तदाबावर अधिक काटेकोर लक्ष ठेवण्याचे कारण कळले. कॅनडातील व्हँकुव्हरच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये ३२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यात सुमारे तीन वर्षांत दहा टक्क्यांहून थोड्या अधिक रुग्णांना स्कॅड पुन्हा झाले, उच्च रक्तदाब असणाऱ्यांत ते अधिक होते आणि बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत पुष्कळच कमी होते. त्यामुळे ती गोळी कंटाळून सोडायची नाही, हे तिला दर भेटीत बजावले जाते.

काही महिन्यांनी हृदयाचे सीटी झाले आणि अहवालात एक ओळ आली की पुढच्या शाखेवरचा ग्राफ्ट बंद आहे. संगणकावर अहवाल आधी घरी आला, डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशी होती. सर्जनांनी पूर्वीच समजावले नसते तर ती रात्र घरातल्या कोणालाच झोप लागली नसती. त्याच अहवालात खालच्या ओळीत तिची स्वतःची धमनी पूर्ववत रुंद झाल्याचे लिहिले होते. ग्राफ्ट बंद होण्याचे कारणच ते होते. दुसरा ग्राफ्ट अजून चालू आहे. हृदयाची आकुंचनशक्ती जवळजवळ पूर्वीइतकी आली आहे. सर्जनांनी चित्रे पाहिली, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि “ताई, ग्राफ्टचे काम झाले,” एवढेच म्हणाले.

व्यायामाचे मार्गदर्शन, ज्याला कार्डिॲक रिहॅब म्हणतात, ते या रुग्णालयात आहे, पण त्यातही तोच साचा. चालणे, हलका व्यायाम हे स्कॅडनंतर हितकारक असते. श्वास कोंडून जड वजन उचलणे मात्र टाळायचे असते. फिजिओथेरपिस्टला हा फरक आधी ठाऊक नव्हता. हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी नेल्यावर त्याने कार्यक्रम बदलून दिला आणि नंतर मन लावून शिकवले. भीतीवरच्या उपचाराची सोय मात्र नाहीच. छातीत जरा काही झाले की बहीण दचकते, रात्री उठून नाडी मोजते. स्कॅडनंतर चिंता आणि नैराश्य पुष्कळ स्त्रियांना येते हे वैद्यकशास्त्राने नोंदवलेले आहे, तरी विभागात समुपदेशक नाही. ती सोय आम्हाला नौपाड्यात बाहेर शोधावी लागली. या बाबतीत मला इथल्या बायांनी एकत्र यावे असे फार वाटते. या आजाराचे पहिले वर्णन १९३१ साली हॅरल्ड प्रिटी या डॉक्टरने केले, तेही बेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीच्या शवविच्छेदनानंतर. त्यानंतर कित्येक दशके तो दुर्मीळ म्हणून दुर्लक्षितच राहिला. अमेरिकेतील कॅथरीन लिऑन यांची २००३ मध्ये बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच स्कॅडमुळे बायपास झाली होती. इंटरनेटवर भेटलेल्या आपल्यासारख्या स्त्रियांना गोळा करून त्यांनी मेयो क्लिनिकच्या डॉ. शरॉन हेज यांच्याकडे संशोधनाचा आग्रह धरला, आणि आज आपल्या डॉक्टरांच्या हाती असलेली बरीचशी माहिती त्या प्रयत्नातून सुरू झालेल्या कामातून आली आहे. ठाण्यात आणि मुंबईतही अशा स्त्रिया निश्चित आहेत. त्यांची एकमेकींशी गाठ घालून देण्याचे काम एखाद्या विभागाने हाती घेतले तर त्याचा खर्च नगण्य आहे.

हे रुग्णालय मी सुचवीन का? स्कॅडचे निदान झालेल्या किंवा तशी शंका असलेल्या स्त्रीसाठी निःसंकोच सुचवीन, कारण कॅथ लॅब, अनुभवी हृदयरोगतज्ज्ञ आणि रात्री बोलावल्यावर येणारे हृदयसर्जन हे तिन्ही एकाच छताखाली आहेत आणि ते एकमेकांशी बोलतात. दुसऱ्या रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनीही एवढी चौकशी जरूर करावी: स्टेंट टाकण्याचे ठरले असेल तर तो आत्ताच का, धमनीतून रक्त वाहत असूनही का, आणि त्याच इमारतीत बायपासची सोय आहे का. दुसरे मत घ्यायचे झाल्यास अहवालाचा कागद पुरेसा नसतो, ॲन्जिओग्राफीची सीडी मागून घ्यावी; ती देणे रुग्णालयाचे कर्तव्य आहे. या विभागाची बाह्यरुग्ण तपासणी सकाळी आणि संध्याकाळी असते. संध्याकाळी माजिवडा आणि कापूरबावडीपासून पुढे घोडबंदर रस्ता तुंबलेला असतो, म्हणून छातीला टाके असलेल्या रुग्णाला रिक्षाचे धक्के सोसायला न लावता सकाळची वेळ घ्यावी, आणि दुखणे नव्याने सुरू झाले असेल तर भेटीच्या वेळेची वाट न पाहता १०८ ला फोन करून सरळ अपघात विभागात जावे, जुनी फाइल सोबत घेऊन.